पाचघरची उघाडी

रेवस, १२ जानेवारी २०२५

चि. अमिषा,

तू मला फोनवर ब्लॉक केलंस, व्हॉट्सॲपवर केलंस आणि अकराशे लोकांच्या फॅनपेजवरूनही हाकललंस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. चार महिन्यांनी का होईना, मोठा मामेभाऊ म्हणून आशीर्वाद आधीच देऊन ठेवतो, शेवटापर्यंत द्यावासा वाटेल याची खात्री नाही.

पेजवर मी लिहिलं ते जरा जास्तच झालं, मान्य. 'टाइडहोल्डचा सातवा भाग आवडणाऱ्यांनी सोंगट्या आपोआप खिशात पडणारा कॅरम विकत घ्यावा,' एवढंच लिहिलं होतं. पण तू ते अंगाला लावून घेतलंस.

हे पत्र आमचे जावई हरेश्वररावही वाचतील आणि विचारतील, व्हिडिओ गेमवरून बहीणभावंडांत एवढं काय पेटलं? त्यांच्यासाठी सांगतो. शाळा सुटल्यावर पोयनाडच्या सायबर कॅफेत आपण पाच जण, म्हणजे मी, तू, केतन, कल्पिता आणि कमलेश, या खेळाचा पहिला भाग खेळायला बसलो. समुद्रात बेट, भोवती मातीचा बांध, आत भातशेती. बांधाला एक उघाडी, म्हणजे पाणी आतबाहेर सोडायचं दार. भरतीआधी ते लावायचं. ज्याची पाळी त्याची जबाबदारी. बांध फुटला की पाचही घरांत घंटा वाजणार आणि घरटी एक माणूस माती घेऊन हजर. खेळ परदेशातल्या कुणी बनवला देव जाणे, पण आपल्या खाडीकाठच्या खारेपाटातल्या पोरांना त्यात नवीन शिकण्यासारखं काही नव्हतं. आपण बेटाचं नाव पाचघर ठेवलं. भाग बदलत गेले, बेट तेच पुढे नेलं. पंधरा वर्षं झाली.

आणि आता सातव्या भागात घंटा काढून टाकली. एकदा बटण दाबून ठेवलं की उघाडी आपोआप बंद होते. प्रत्येकाचं बेट वेगळं. चार घरांनी मिळून पाचव्याला बाहेर काढायचा कौल असायचा, तोही गेला. जगभर घंटावाले आणि बटणवाले असे दोन तट पडलेत आणि दोघेही एकमेकांची अक्कल काढताहेत.

मुद्द्याचं असं की जुनी बेटं जुन्या सर्व्हरवर ठेवायला कंपनी तयार आहे, पण बेटावरच्या सगळ्या घरांची संमती ३१ मार्चच्या आत यायला हवी. नाहीतर बेट पुसणार. पाचघरच्या पानावर 'पाचपैकी चार' दिसतं, नावं दाखवत नाहीत. मी दिली. कल्पिता आणि कमलेशने दिल्याचं सांगितलं. तू कितीही बटणवाली झालीस तरी पाचघर पुसू देणार नाहीस हे मला ठाऊक आहे. उरला केतन. तो माझ्याशी बोलत नाही, मी त्याच्याशी बोलत नाही. तेव्हा तू त्याला सांग. एक बटण दाबायचंय, त्याला काही डोंगर उचलायचा नाही.

तुझा,
हर्षददादा

&nbsp;

पनवेल, २१ जानेवारी २०२५

प्रिय हर्षददादा,

पत्र मिळालं. हरेश्वरनी वाचलं आणि म्हणाले, "तुझा भाऊ लाँचवर खलाशी आहे की वकील?" मी म्हटलं, दोन्ही.

मला सातवा भाग का आवडतो ते नीट ऐक, कारण पेजवर तू कुणाचं ऐकत नाहीस. मी वॉर्डात असते तेव्हा फोन लॉकरमध्ये असतो. पाच वर्षं मी घंटेच्या धाकात नोकरी केली. पेशंटला सलाईन लावताना मनात यायचं, आत्ता पाचघरवर भरती आली असेल का? घरी यायचं, तर लेक रडतेय आणि इकडे तुझा मेसेज, 'तुझ्या घरचा माणूस आला नाही.' खेळात घरटी एक माणूस म्हणजे मीच ना रे. दुसरं कोण पाठवू, सासूबाईंना?

आता मी दुपारी वीस मिनिटं खेळते. माझा बांध, माझं भात. कुणी मला विचारत नाही आणि मी कुणाला विचारत नाही. तू त्याला कॅरम म्हण नाहीतर भातुकली म्हण.

केतनला मी काही सांगणार नाही. तुला त्याच्याशी बोलायचं असेल तर तू बोल. रेवसहून किहीम काही सातासमुद्रापलीकडे नाही. संमत्यांचं तू मांडलेलं गणित मी वाचलं. त्यावर आत्ता काही लिहीत नाही.

मामीच्या गुडघ्याला कसं आहे? गरम पाण्याने शेकायला सांग, तेल रगडून उपयोग नाही.

तुझी,
अमिषा

&nbsp;

रेवस, २८ जानेवारी २०२५

चि. अमिषा,

आई म्हणते, तेलाने बरं वाटतं. नर्सबाईंचं घरात चालत नाही ते असं.

काल ओहोटीला लाँच धक्क्याला लागेना. भाऊच्या धक्क्यावरून आलेले साठ-सत्तर प्रवासी पाऊण तास खाडीच्या तोंडाशी बसून राहिले आणि सगळ्यांनी मला शिव्या घातल्या. समुद्राला कोण घालणार? एक म्हातारी तेवढी म्हणाली, "पानी येल तवा जाव. तुमाला कंची घाई हाय?" टाइडहोल्ड मला आवडायचा तो यासाठी. त्या खेळात पाण्याची वाट बघावी लागायची, आणि चार माणसांचीही. तुझ्या नव्या भागात पाणी नोकरासारखं वागतं. मग त्यात समुद्र कशाला ठेवलाय, बागेतला नळच ठेवायचा होता.

तुझी अडचण मला कळते. पण दर वेळी तू नाही आलीस तरी आम्ही चौघांनी तुझी माती टाकली, हे विसरू नकोस. अडचण सांगणाऱ्याला पाचघरने कधी टाकलं नाही.

टाकलं ते एकालाच, आणि का ते तुला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी, पौर्णिमेची भरती, पाळी केतनची. उघाडी सताड उघडी. समुद्र आत आला आणि खेळातली तीन वर्षं आपल्या शेतात गवत उगवलं नाही. माणसाने म्हणावं, चुकलो. आम्ही आठ दिवसांत परत घेतलं असतं. पण त्याचं एकच टुमणं, 'मी बंद केली होती.' मग काय, खेकड्याने उघडली? म्हणून कौल घेतला. चारही हात वर झाले, तुझासुद्धा. त्याच्या घराकडे जाणारा पूल उचलला, त्याच्याशी देणंघेणं बंद. ती शिक्षा नियमात होती, मी घरून आणली नव्हती.

तरीही संमतीपुरतं मी मागचं विसरायला तयार आहे. त्याने चूक कबूल करावी आणि बटण दाबावं. दोन महिने आहेत.

हर्षददादा

&nbsp;

पनवेल, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

'घरून आणली नव्हती' हे वाक्य मी तीनदा वाचलं.

आपल्या वर्गातली सगुणा आठवते? शिमग्याच्या मानावरून तिचं घर गावाने वाळीत टाकलं होतं. पालखी सगळ्या दारांत थांबायची आणि तिच्या दारावरून तशीच पुढे जायची. त्या घरच्यांशी जो बोलेल त्याला दंड. आपण सातवीत होतो, आपल्याला कुठला दंड? तरी तिच्या बाकावर कुणी बसायचं नाही. मीही बसले नाही. ती डबा भिंतीकडे तोंड करून खायची.

खेळात तो कौल होता हे खरं. पण पुण्याचे, नागपूरचे लोकसुद्धा तोच खेळ खेळतात. त्यांच्या बेटांवर घर बाहेर काढलं तर ते दोन दिवस चेष्टा करतात आणि परत घेतात. पेजवरच्या कुणालाही विचार हवं तर. खेळातली शिक्षा खेळाबाहेर आणली ती फक्त आपण. केतनला ग्रुपमधून काढलं. चोंढीच्या नाक्यावर तो समोर आला तर कमलेश चहा टाकून उठला. आणि मे महिन्यात त्याची हळद झाली, तेव्हा लहानपणापासूनच्या चार मित्रांपैकी एकही गेला नाही. आपल्याकडे लग्नाला नाही गेलं तर चालतं दादा, हळदीला नाही गेलं तर चालत नाही. कुणी आपल्याला सांगितलंही नव्हतं जाऊ नका म्हणून. आपल्याला ते न सांगता येतं.

कंपनीने सातव्या भागातून कौल काढला त्या दिवशी तू पेजवर लिहिलंस, 'खेळाचा कणा मोडला.' मी त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि ते बरं वाटून रडले.

तू आधी केतनकडे जा. संमतीसाठी जाऊ नकोस, नुसता जा.

अमिषा

&nbsp;

रेवस, १५ फेब्रुवारी २०२५

अमिषा,

हळदीला मी गेलो होतो. कोपऱ्यापर्यंत. नवी पँट घालून, हातात आहेराचं पाकीट. मांडवात बेंजो वाजत होता, केतनची मावशी नाचत होती. कमलेशला फोन केला, तो म्हणाला, तू जाणार असशील तर मला विचारू नकोस. मग मी मागे फिरलो. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

पण वाईट वाटणं वेगळं आणि नियम वेगळा. सगुणाच्या घराचा काही गुन्हा नव्हता. केतनचा होता. पाळी त्याची, उघाडी उघडी. त्याची चूक नव्हती असं म्हणणारा एक माणूस मला दाखव, मी उद्या किहीमला जाऊन त्याच्या पायावर डोकं ठेवतो. नसेल तर मला नीती शिकवू नकोस.

हर्षद

&nbsp;

पनवेल, ३ मार्च २०२५

दादा,

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले. तेवढे दिवस मी उत्तर लिहून फाडत होते.

तो माणूस मी आहे.

त्या दिवशी केतनने उघाडी बंद केली होती. मी बघितली होती बंद केलेली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी खेळ उघडला. माझी होडी आत अडकली होती, बाहेर जाळं टाकायचं होतं. भरतीला तास होता. मी उघाडी उघडली आणि होडी बाहेर काढली. तेवढ्यात सिस्टर धावत आल्या, अपघाताचे तीन पेशंट एकदम आले होते. फोन लॉकरमध्ये टाकून मी पळाले. उघाडीची आठवण मला संध्याकाळी सहा वाजता झाली.

लॉकर उघडला तेव्हा तुझे एकोणीस मेसेज होते. पहिला होता, 'केतनने बेट बुडवलं.' शेवटचा होता, 'कौल घेऊ.' मी 'अरे थांबा' एवढं टाइप केलं आणि पुसलं. मला वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तू आणखी चिडलेला होतास. मग वाटलं, आठ दिवसांनी त्याला परत घेतील, सांगायची गरजच पडणार नाही. मग कौल आला आणि मी हात वर केला. माझ्याच चुकीसाठी मी केतनला बाहेर काढायला हात वर केला, दादा. हळदीच्या दिवशी मला ड्युटी होती असं मी सगळ्यांना सांगितलं. ड्युटी नव्हती. मी घरात बसून होते.

खेळात शेवटचा हात कुणाचा लागला ते दिसत नाही, म्हणून मी वाचले. सातव्या भागात उघाडी आपोआप बंद होते हे वाचलं तेव्हा मला काय वाटलं असेल ते आता तुला कळेल. घंटा, नोकरी, लेक, मी लिहिलेलं सगळं खरंच आहे. पण ते दुसरं कारण होतं, पहिलं हे.

आणि एक. तुझं गणित चुकलंय. चौथी संमती माझी नाही. मी अजून दिलेली नाही. म्हणजे ती केतनने दिलीय. ज्याला आपण पूल उचलून दोन वर्षं तोडलं त्याने.

पेजवर तुला परत घेतलंय, फोनवरचा ब्लॉकही काढलाय. तुला जे लिहायचं असेल ते माझ्या नावानिशी लिही. मी काढणार नाही.

अमिषा

&nbsp;

रेवस, १६ मार्च २०२५

अमिषा,

तुझं पत्र शिमग्याच्या आदल्या दिवशी आलं. वाचून मी इतका भडकलो की आईने विचारलं, कुणाचं काही बरंवाईट झालं का? तुला फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. तू तेव्हा एक ओळ लिहिली असतीस तर! मग दिवसभर लाँचवर विचार करताना हेही मनात आलं की मी एकोणीस मेसेज टाकले नसते, दोनच टाकले असते, तर ती ओळ तू कदाचित लिहिली असतीस. मेसेजमध्ये काय लिहिलं होतं ते मी परत वाचलं. नको वाचायला होतं.

काल किहीमला गेलो. केतनने नारळीच्या वाडीत दोन खोल्या पर्यटकांसाठी बांधल्यात, पुढे खाणावळ आहे. त्याची बायको नेत्रा मला ओळखत नव्हती. कुठून ओळखणार? केतन मासे साफ करत होता. मला बघून हात तसाच थांबला. मग म्हणाला, "बस. च्या पितंस ना?"

मी विचारलं, "संमती तू दिलीस?"

"पयल्याच दिशी."

"का? आम्ही तुला..."

"माजा पन घर हाय ना तिथं," तो म्हणाला. "तुमी पूल उचलला. घर कुटं उचललंव?"

दोन वर्षं तो त्या तुटलेल्या घरात जायचा म्हणे. घंटा त्याला वाजायची नाही. तरी भरतीच्या वेळी त्याच्या बाजूचा बांध तो एकटा लिंपून यायचा. मी कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या बाजूला बांध फुटत नाही, आपलं नशीब चांगलं, असं मी पेजवर एकदा लिहिलंही होतं.

मी म्हटलं, उघाडी तू बंद केली होतीस, मला आता कळलंय. त्याने सुरी खाली ठेवली. "कोनी उघारली?" मी नाव सांगितलं नाही. म्हटलं, ज्याने उघडली तो सांगेल. पायावर डोकं ठेवायची भाषा मी केली होती, ती पाळायला वाकलो, तर तो म्हणाला, "मच्छीच्या पान्यात कुटं वाकतंस, ऊठ." तेवढ्यात पर्यटक आले आणि तो उठून गेला. चहा मी एकट्याने प्यायलो.

पेजवर मी काल लिहिलं ते तू वाचलं असशील. घंटा परत हवी, कौल परत नको. घंटावाले म्हणताहेत मी फुटलो, बटणवाले म्हणताहेत उशिरा अक्कल आली. आयुष्यात पहिल्यांदाच दोन्हीकडून शिव्या खातोय, पण आता माझं हेच म्हणणं आहे. तुझं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही. ते काम तुझं आहे, आणि ते पेजवर नाही, केतनकडे.

पंधरा दिवस उरलेत. तू संमती दिलीस की नाही हे मी विचारत नाही.

दादा

&nbsp;

पनवेल, १९ मार्च २०२५

केतन,

पत्र माझं बघून तुला नवल वाटेल. फोन करणार होते, पण फोनवर मी मध्येच रडेन आणि तूच माझी समजूत काढत बसशील. तसं व्हायला नको.

उघाडी मी उघडली होती. तू बंद केल्यावर, तासभराने, माझी होडी काढायला. कामात विसरले. तुझ्यावर आळ आला तेव्हा मला खरं ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. कौलात हात वर केला. तुझ्या हळदीला आले नाही कारण तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती. इतरांना निदान वाटत होतं की ते बरोबर आहेत. मला तेही वाटत नव्हतं.

माफी मागते. तू ती द्यावीस असं माझं म्हणणं नाही.

पाचघरची पाचवी संमती माझी राहिलीय. तुला ते बेट राहायला हवं असेल तर देईन, पुसायला हवं असेल तर देणार नाही. हर्षददादा काय म्हणेल याचा विचार करू नकोस. त्या तिघांपेक्षा आणि माझ्यापेक्षा त्या बेटावर तुझा हक्क जास्त आहे. मी रविवारी, ३० तारखेला, किहीमला येते. दार उघडायचं की नाही ते तू ठरव.

अमिषा

&nbsp;

किहीम, २३ मार्च २०२५

अमिषा,

मला पत्र लिहायची सवय नाही. चूकभूल सांभाळून घे.

तुझं पत्र मी वाडीत उभ्यानेच वाचलं. मग नेत्राला हाक मारली आणि तिला वाचायला दिलं. तिला लग्नानंतर मी हे सगळं सांगितलं होतं, पण सांगताना शेवटी म्हणालो होतो, कदाचित माझ्याच हातून राहिली असेल. दोन वर्षं चार जण एकच बोलत राहिले की माणसाला तसं वाटायला लागतं. रात्री आठवून बघितलं तर कधी कधी मला ती उघाडी उघडीच दिसायची. आता दिसणार नाही. त्याबद्दल तुझे आभार मानू का तुला चार शब्द सुनवू, हे मला कळत नाही. दोन्ही करीन म्हणतो.

राग आलाय. हर्षदचा नाही आला एवढा, कारण तो पहिल्यापासून तसाच आहे, आधी ओरडतो मग बघतो. तुझा आला. मांडवात मी दर अर्ध्या तासाने रस्त्याकडे बघत होतो. कमलेश येणार नाही हे माहीत होतं. तू येशील असं वाटत होतं. तू शाळेपासून माझ्या बाजूने बोलणारी.

संमती दे. आजच दे, ३१ ची वाट बघू नकोस. तू दिलीस म्हणजे आपलं मिटलं असं समजू नकोस. पण बेट पुसलं गेलं तर दोन वर्षं मी एकट्याने लिंपलेला बांधही पुसला जाईल, आणि तो तुम्ही अजून धड बघितलेलासुद्धा नाही.

रविवारी येऊ नको. पाडवा आहे, खोल्या भरलेल्या आहेत, मला बोलायला सवड नसेल. शनिवारी ये. शनिवार आहे आणि वर अमावास्या. आई म्हणाली, चांगल्या कामाला हा दिवस नको. मी म्हटलं, चांगलं काम नाही, भांडायचंय.

हर्षदलाही घेऊन ये. मी आधी मनासारखा भांडणार आहे, आणि तेच तेच दोनदा बोलायची मला हौस नाही. नेत्राला सांगितलंय, दोन माणसं जेवायला वाढीव आहेत.

केतन